गाडी उभी करताना

कडी लावायला तिचा हात दाराच्या वरच्या टोकाशी गेला आणि बोटांना नुसतं लाकूड लागलं. कडी नव्हती. स्क्रूंची चार भोकं होती आणि त्यांच्या मधोमध कडीच्या आकाराचा पांढरा डाग. भोवतीचा रंग इतक्या वर्षांत पिवळा पडत गेला होता हेही तिला आत्ताच कळलं. बादलीत गरम पाणी पडत होतं. हॉस्पिटलातून घरी येऊन दोनच दिवस झाले होते आणि काल रात्रीपर्यंत कडी जागेवर होती. म्हणजे पहाटे, ती गोळीच्या जड झोपेत असताना, नवऱ्याने आवाज न करता एकेक स्क्रू पिळून काढला असणार. ज्या माणसाला साधा बल्ब बदलायचा तर स्टूल कोण धरणार याची आधी चौकशी करावी लागते, त्याने! तिला हसू आलं, आणि ओठांवर यायच्या आतच ते कडू झालं. पन्नाशी उलटलेली बाई, आणि आपल्याच घरात एका टाचेने दार रेटून धरून, बगळ्यासारखी एका पायावर अंघोळ करतेय. पाणी ओतताना तिच्या लक्षात आलं की तो दाराबाहेर उभा आहे. पावलं वाजली नव्हती. पण कान तिचे होते, आयुष्यभर दुसऱ्यांचे कान तपासून पोट भरणाऱ्या बाईचे. फळीपलीकडचा श्वास तिला स्वच्छ ऐकू येत होता.

"कडी कुठंय?" केस पुसत तिने विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. जपून ठेवलीय." तो आता गॅसपाशी जाऊन उभा होता. चहा तोच करायला लागला होता; तिच्या हाती उकळतं काही द्यायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलेलं दिसत होतं. "अगं, आत तुला काही झालं, तर मी काय दार तोडत बसू?"

"डॉक्टर म्हणाले वर्षभर गाडी चालवू नका. कडी लावू नका असं कधी म्हणाले?"

"म्हणाले. तू कपडे बदलत होतीस तेव्हा. चक्कर काय सांगून येते का?"

"चक्कर नाही. फिट म्हणा. नुसतं म्हटल्याने येत नाही ती."

त्याने चहा गाळला, गाळणं नळाखाली धरलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "रविवारी दादा येणारे. त्याच्या ओळखीत एकजण गाडी शोधतोय. नुसती बघून जाईल."

तिने कप उचलला. तो अर्धाच भरलेला होता, लहान मुलाला देतात तसा.

त्या सिग्नलचं तिला आठवत होतं ते फार थोडं, पण जे होतं ते खिळ्याने ठोकल्यासारखं पक्कं. लाल दिवा. पुढच्या टेम्पोवर बांधलेली निळी ताडपत्री. मग पोटातून लिफ्टसारखं काहीतरी वर चढत आलं, आणि ती ताडपत्री, तो दोर, त्या दोराची गाठ हे सगळं आपण हुबेहूब असंच कधीतरी पाहिलंय, आणि यानंतर काय होणार हेही आपल्याला ठाऊक आहे, अशी ओळख पटली. इतकी घट्ट, की तिला जवळजवळ आनंद झाला. आणि मग टेम्पो नव्हता. मधलं काहीच नव्हतं. झोप नाही, अंधार नाही, तुटल्याची खूणसुद्धा नाही. काचेवर कुणीतरी अंगठीने टकटक करत होतं, मागे हॉर्नचा नुसता कालवा, आणि "ओ बाई! ओ बाई!" तिचा पाय ब्रेकवर होता. हे तिने डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याच्या दादाला, भाऊजींना, फोनवर सांगितलं: पाय ब्रेकवरच होता. सगळे म्हणाले, नशीब. तिला त्या शब्दाचा राग आला होता. नशीब कसलं? ती स्वतः जागेवर नसताना तिच्या पायाने जागा सोडली नव्हती, तीस वर्षांच्या नोकरीतल्या शिपायासारखा तो उभा राहिला होता. पण रात्री, गोळी घेऊन पडल्यावर, तोच विचार उलटा होऊन यायचा. गाडी चालती असती, तर त्याच इमानाने त्याच पायाने दुसरं पेडल दाबून धरलं असतं. तेवढ्याच निष्ठेने. पुढे शाळेतली पोरं रस्ता ओलांडत असती तरीही. हे कळायला तिला डॉक्टर लागत नव्हते. म्हणून चालवायची नाही, हे तिने ऐकताक्षणी मान्य केलं होतं. वाद घातला नव्हता, रडली नव्हती. पण विकायची, हे कधी ठरलं, आणि कुणी? गाडी तिच्या पैशांची, तिच्या नावावरची. मागच्या सीटवर कान तपासायच्या यंत्राची पेटी ठेवून ती आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत जायची, म्हाताऱ्यांना ऐकू आणून द्यायची, आणि परतीच्या रस्त्यावर काचा खाली करून, एकटी, मोठ्याने गायची. अगदी बेसूर. दुसऱ्यांच्या कानांची काळजी वाहणाऱ्या बाईला एवढी चैन चालते असं तिला वाटायचं. तिच्या आयुष्यात कुणी "कुठे आहेस, कधी येशील" विचारलं तरी उत्तर द्यायचं बंधन नसलेली तेवढीच एक खोली होती. तिला चाकं होती आणि चार दारं. आणि त्या चारही दारांना आतून कुलूप लागत होतं.

नवरा वाईट नव्हता, हीच अडचण होती. तो विमा कंपनीत होता. कुणाच्या घराला आग लागू शकते, कुणाचं हृदय कधी दगा देईल, याचे हिशेब मांडणं हा त्याचा पेशा, आणि आता तो घरातल्या वस्तूंकडे त्याच नजरेने बघत फिरत होता. सुरी. गॅस. गॅलरीचा कठडा. रात्री तिच्या मनगटावर हात ठेवून झोपायचा. प्रेमाने म्हणावं तर बोटं बरोबर नाडीवर असायची.

कामावर ती बसने गेली. खिडकीत बसून दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बघत. दवाखान्यात पहिलीच आली ती एक आजीबाई, दोन वर्षांपूर्वी कानाचं मशीन घेऊन गेलेली. सोबत सून, वैतागलेली. "वापरतच नाहीत हो," सून ओरडून म्हणाली, जणू बहिरी तपासणारीच होती. आजीबाई गोड हसल्या. "ड्रॉवरमध्ये ठेवलंय. जपून ठेवलंय." रुमालाची गाठ सोडून त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं. बॅटरी आतच राहिली होती, गळली होती, हिरवट पांढरी भुकटी तारांपर्यंत चढली होती. "याला जपणं म्हणतात का, आजी?" ती बोलून गेली, आणि आवाज अपेक्षेपेक्षा चढला. "ठेवायचंच होतं तर बॅटरी काढून, पुसून, कोरडं करून ठेवायचं. नुसतं ठेवलं की वस्तू मरते. ठेवायलाही रीत लागते." आजीबाईंना अर्थातच काही ऐकू आलं नव्हतं. पण तिला आलं होतं.

आणि त्याबरोबर वडलांची गाडीही डोळ्यांपुढे आली, बोलावल्यासारखी. डोळ्यांत पडदा आल्यावर वडलांनी एक दिवस ती दारासमोर झाडाखाली लावली आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना कधी उजाडलाच नाही. आधी आई बॉनेटवर उशा उन्हात टाकायला लागली. मग टायर बसले, एकामागून एक, थकलेल्या माणसाने पायरीवर बसकण मारावी तसे. मांजर मागच्या सीटवर व्यालं. उंदरांनी तारा खाल्ल्या. वडील रोज संध्याकाळी काठी टेकत जाऊन तिच्या दाराचं हँडल चाचपून यायचे, आणि कुणी विकायचं नाव काढलं की म्हणायचे, बघू ना, घाई काय आहे. भंगारवाला आला तेव्हा तो ती ढकलूही शकला नाही, साखळी लावून ओढत नेली, आणि वडील घरात पाठ करून बसले होते. त्यांनी ना विकली, ना ठेवली. त्यांनी नुसता डोळा चुकवला होता. ती तेव्हा कॉलेजात होती, आणि त्या पाठीचा तिला राग आला होता. दया यायला हवी होती, पण राग आला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने गॅरेजवाल्याला फोन लावला.

शनिवारी नवऱ्याला तिने ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्याच्याकडे परवाना होता, सवय नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने एक दुधाची गाडी घासली होती आणि तेव्हापासून आनंदाने किल्ली तिच्या हाती दिली होती. आता तो स्टिअरिंग असं धरून बसला होता जसं काही ते चटके देत होतं. ती शेजारी. या सीटवरून आपल्याच गाडीची काच तिने कधी पाहिली नव्हती. जगाची एक बाजू जास्त जवळ आली होती, कडेचे खांब अंगावर येत होते. प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय रिकाम्या जागेत खाली दाबला जात होता.

"तू पाय का दाबतेस सारखी?"

"तुम्ही दाबत नाही म्हणून."

पंपावर ती काच खाली करून म्हणाली, "टाकी फुल." तो वळला. "अगं, विकायची तर फुल कशाला? त्या माणसाला फुकटचं पेट्रोल?"

"रिकाम्या टाकीत दमट हवा साठते. आतून गंज चढतो. महिनोन् महिने उभी राहायची तर टाकी भरलेली हवी."

"उभी राहायची?"

"विकायची नाहीये. चला, मागे हॉर्न वाजवतायत."

त्याने मान परत समोर वळवली. गिअर टाकायला दोनदा चुकला, एवढंच. गॅरेजात दाढीवाल्या मिस्त्रीने जुनं ऑइल काढलं. काळं, दाट, गरम ऑइल परातीत पडत होतं आणि ती बाजूला उभी राहून बघत होती, हॉस्पिटलात स्वतःचं रक्त नळीतून जाताना जसं बघितलं होतं तसं. वापरलेलं ऑइल आत ठेवून गाडी उभी केली तर ते इंजिनाला खात बसतं. नवीन भरलं. पेट्रोल नासू नये म्हणून टाकीत औषध ओतलं. "ताई, आठवड्यातून एकदा जरा स्टार्ट मारत जा, पाच मिनिटं," मिस्त्री म्हणाला. "नको," ती म्हणाली, "पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी तेवढं धरतं. झोपवायची तर नीट झोपवू. सारखी उठवून काय करायचंय?" मिस्त्रीने खांदे उडवले. तुमची गाडी, तुमची मर्जी. पण चार लोखंडी तिकाटण्या, त्यांच्या भाषेत घोड्या, त्याने उसन्या दिल्या आणि म्हणाला, जॅकवर भरवसा ठेवून खाली वाकायचं नाही.

रविवारी सकाळपासून ती इमारतीच्या तळघरात होती, जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर, जिथे दिवस असो रात्र असो ट्यूबलाइटचा एकच पांढरट उजेड असतो आणि कुठेतरी पाइप ठिबकत असतो. गाडी धुऊन, पुसून कोरडी झाली होती. मॅट काढले. सीटखाली हात घालून तिने बिस्किटांचा चुरा, शेंगदाण्याची सालं, एक वितळून परत घट्ट झालेली गोळी काढली. उंदराला चार कण पुरतात. मागच्या सीटवरची यंत्राची पेटी वर नेली. सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. बॅटरीची आधी काळी तार सोडवली, मग लाल. बॅटरी नवऱ्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरून, तान्ह्या बाळासारखी, लिफ्टने वर नेली, आणि तो परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण आला, हातात टॉर्च घेऊन. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ती पुठ्ठ्यावर गुडघे टेकून जॅकचा दांडा फिरवत होती आणि तो बरोबर जिथे हवा तिथे उजेड धरत होता. एकेक चाक जमिनीपासून बोटभर सुटत होतं. दंड भरून आले होते, तळहात काळे झाले होते, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिला आपलं शरीर आपल्या बाजूचं वाटत होतं. तिने हँडब्रेक सोडला. ओढून ठेवला तर ब्रेक जागच्या जागी चिकटून बसतात.

भाऊजी आले ते याच वेळी, आपला भरघोस आवाज पुढे पाठवून. फरशांच्या धंद्यात त्यांचं बरं चाललं होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट वेळेत विकली तर भाव येतो यावर त्यांची श्रद्धा होती. मागे चष्मेवाला एक गृहस्थ, हातात मोबाइल.

"काय गं हे? काय मांडलंयस?"

"गाडी ठेवतेय, भाऊजी."

चष्मेवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "गाडी तर चकाचक आहे हो. जरा स्टार्ट करून दाखवता का?"

"बॅटरी वर आहे. स्वयंपाकघरात."

"आणि हे मागे काय कोंबलंय?"

"घासणी."

तो माणूस हसला, मनापासून, आणि त्या हसण्यासाठी तिने त्याला माफ केलं. भाऊजी हसले नाहीत. ते धाकट्या भावाकडे वळले, "अरे, तू तर म्हणालास, ती तयार आहे." मग तिच्याकडे, आवाज मऊ करून, इतका की तिच्या मानेवर काटा आला. "हे बघ, तुझ्या भल्याचंच सांगतो. वर्षभर पडून राहिलेली गाडी म्हणजे निव्वळ भंगार."

"पडून राहणार नाही. ठेवलेली आहे. दोन्हींत फरक असतो."

"बरं. आणि वर्षाने डॉक्टर नाही म्हणाले तर? परत झालं तर?"

"तेव्हा बघू," ती म्हणाली.

शब्द तोंडातून पडला आणि तिला तो वडलांच्या आवाजात ऐकू आला. तोच सूर, तीच शेवटी सोडून दिलेली मान. एवढी घासपूस, एवढ्या घोड्या, आणि खाली तोच उशा वाळत घातलेला बॉनेट? तिला उत्तर सापडत नव्हतं, आणि भाऊजींना ते दिसलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"दादा," टॉर्चच्या मागून नवरा म्हणाला, "तुला बोलावलं ते मी. चुकलं माझं. तिला विचारलं नव्हतं. तुम्ही दोघं वर जा, दार उघडंच आहे, मी आलोच चहाला." आणि टॉर्च त्याने शेवटच्या चाकाखाली धरला. "हं. फिरव तू."

भाऊजींच्या चपला उतारावरून वर वाजत गेल्या. ती दांडा फिरवत राहिली. शेवटची घोडी नीट बसली, तिने जॅक सैल केला, चारही कोपऱ्यांना हात लावून गाडी हलते का ते पाहिलं. हलत नव्हती. आता फक्त कव्हर उरलं होतं, सुती, हवा खेळेल असं. प्लॅस्टिकखाली घाम धरतो. त्याची घडी उलगडून तिने एक टोक बॉनेटवर टाकलं, आणि कापडाला पडलेली ती सुरकुती, त्यावरचा टॉर्चचा पिवळा गोळा, पाइपचं ठिबकणं, हे सगळं असंच, याच क्रमाने, अगदी असंच आधी कधीतरी

ती जमिनीवर होती. खाली पुठ्ठा होता, डोक्याखाली त्याचा तळहात. टॉर्च लांब घरंगळून भिंतीवर उजेड पाडत होता. नवऱ्याचे ओठ हलत होते, आणि आवाज नंतर आला, रेडिओ हळूहळू लागावा तसा. "...आहे मी, इथेच आहे, आहे मी..." जिभेच्या कडेला रक्ताची चव होती.

"किती वेळ?"

"थोडाच. मिनिटभर. नाही, कमीच."

"पडले?"

"पडू नाही दिली."

ती उठून बसली. तो तिच्यासमोर उकिडवा, गुडघ्यांना धूळ, आणि त्याचा चेहरा इतक्या जवळून तिने बरेच दिवस पाहिला नव्हता. घाबरून घाबरून तो जून झाला होता. त्याने मागे वळून रिकाम्या उताराकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादाला सांगत नाही मी. कुणालाच सांगत नाही. डॉक्टरांनाही नको. मोजून मिनिटभराचं तर होतं. कशाला उगीच? तुझं वर्ष चालू राहू दे."

आठवडाभर जो माणूस सुऱ्या लपवत होता, तो तिच्यासाठी ही फिट लपवायला निघाला होता. हिशेबाने जगणारा माणूस एक आकडा खोडून टाकायला तयार झाला होता. तिला भरून आलं. आणि त्याच क्षणी तिला भाऊजींना द्यायचं उत्तर सापडलं. ते इतकं साधं होतं की तिला हसायला आलं.

"डॉक्टरांना फोन लावा."

"अगं, पण मग परत पहिल्यापासून..."

"हो. आजपासून एक वर्ष. आणि परत झालं, तर तेव्हापासून एक वर्ष. मी खोटं मोजणार नाही आणि गाडीही विकणार नाही. होऊ दे किती वर्षं व्हायची ती. ऑइल बदलत राहू."

त्याने खिशातून फोन काढला, वर धरला, डावीकडे धरला. "रेंज नाही इथे."

"मग वर जाऊ. पण आधी ते टोक धरा."

कव्हरचं एक टोक त्याने धरलं, एक तिने. आरशांपाशी ते अडकलं. "ओढू नका, सैल सोडा, फाटेल," ती म्हणाली, आणि त्याने सोडलं. कापड चाकांच्या खालपर्यंत उतरलं. तिने नाड्या बांधल्या, हात पुसले, आणि ते निघाले. लिफ्ट वरच कुठेतरी थांबून होती, म्हणून उताराच्या रस्त्याने, पायी. पाय अजून कापसाचे होते. तिने त्याचा दंड धरला, स्वतःहून, आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली. अर्ध्यावर आले तोच वरून एक मोठी गाडी आत वळली, दिवे डोळ्यांत, हॉर्न दोनदा, तिसऱ्यांदा. नवरा तिला भिंतीकडे ओढायला लागला. ती हलली नाही. तिने मोकळा हात वर केला, ऑइलने काळा झालेला, चौकात वाहतूक थांबवतात तसा.

"अगं, बाजूला हो ना!"

"का म्हणून?" ती म्हणाली. दम लागला होता, तरी आवाज चांगला खणखणीत निघाला. "चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. शिकतानाच शिकवतात."

गाडी क्षणभर तशीच गुरगुरत उभी राहिली. मग तिच्या मागे रिव्हर्सचा पांढरा उजेड पडला, आणि ती हळूहळू मागे सरकायला लागली.